साबण निघाला पाहिजे

पहिला साबण मी आइसक्रीमच्या एक लिटरच्या डब्यात ओतला आणि त्यातला निम्मा अजून त्याच डब्यात आहे. वरचा निम्मा सुरीनं खरवडून काढला, त्याचा चुरा कपडे भिजवायला गेला. खालचा असा काही बसलाय की डबाच फोडावा लागेल. शेवटी डबा तसाच न्हाणीघराच्या फळीवर ठेवलाय. हात ओला करायचा आणि वरून घासायचा. साबण झकास झाला होता हो. निघाला नाही, एवढंच.

मी बेळगावात वडगावला राहते. धाकट्याचं अंग थंडीत फार फुटायचं म्हणून घरी साबण करून बघावा असं डोक्यात आलं आणि मग ते खूळ काही गेलं नाही. कृती सापडायला वेळ लागत नाही. माझी आता ठरलेली आहे: खोबरेल ३०० ग्रॅम, शेंगतेल १५०, एरंडेल ५०. त्याला ७६ ग्रॅम कॉस्टिक सोडा आणि १५५ ग्रॅम पाणी. हिशोबानं एवढ्या तेलाला जवळजवळ ८२ ग्रॅम सोडा लागतो. ७ टक्के कमी घेतला की थोडं तेल साबण न होता मोकळं राहतं आणि अंगाला कोरडेपणा येत नाही. तेल बदललं तर सोड्याचं वजनही बदलतं, कारण प्रत्येक तेल सोडा वेगवेगळा खातं. खोबरेल सगळ्यात जास्त खातं. वजन काट्यावरच करायचं, वाटी-चमच्याचं काम नाही. डोळ्याला गॉगल, हातात लांब मोजे, खिडकी उघडी, पोरं बाहेर. आणि सोडा पाण्यात टाकायचा. पाणी सोड्यावर ओतलं तर उसळून अंगावर येतं. नीट टाकला तरी पाणी एवढं तापतं की भांड्याला हात लावू नये.

हे सगळं सगळे सांगतात. साच्याचं मात्र कुणी धड सांगत नाही. ‘घरातला कुठलाही डबा चालेल’ म्हणतात. चालतो कसला!

दुसऱ्या खेपेला मी हुशारी केली. केकचा जुना डबा घेतला, गोल, वरती रुंद होत गेलेला. केक निघतो तर साबण का नाही निघणार? ओतला आणि पाच मिनिटांत कडेनं बुडबुडे यायला लागले, बारीक फसफस, सोड्याच्या बाटलीसारखी. डबा ॲल्युमिनियमचा होता. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो आणि खाताना हायड्रोजन सोडतो. तो वायू पेट घेणारा. शेगडी बंद होती हे नशीब. सगळं तसंच स्टीलच्या पातेल्यात काढलं, राखाडी झालं होतं, फेकून दिलं. डब्याला आतून काळे डाग आणि खड्डे. तेव्हापासून साबणाच्या कामात स्टील, नाहीतर प्लास्टिक. प्लास्टिकमध्येही बुडाच्या त्रिकोणात ५ किंवा २ आकडा बघून घेते. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, २ म्हणजे जास्त घनतेचं पॉलिथिन. पाण्याच्या बाटलीवर १ असतो, तिला सोडा हळूहळू खातो.

आमच्या गल्लीच्या तोंडाला एक मामा राहतात. नात्यानं कुणाचेच नाहीत, म्हणून सगळ्यांचे. उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत त्यांची हयात पॅटर्न शॉपमध्ये गेली. परगावच्या लोकांना बेळगाव म्हटलं की कुंदा आठवतो, पण इथली कितीतरी घरं चालली ती ओतकामावर. पॅटर्न म्हणजे जो भाग ओतायचा त्याची लाकडातली हुबेहूब प्रतिकृती. ती वाळूत ठोकून बसवायची, अलगद उचलायची आणि राहिलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. उचलताना वाळूचा एक कण ढळला तरी माल वाया. मामा संध्याकाळी कट्ट्यावर बसतात. तो आइसक्रीमचा डबा घेऊन मी त्यांच्याकडे गेले, तेही खरं तर छिन्नी मागायला.

“काय करायलीस गं हे?”

सांगितलं. त्यांनी डबा उलटा केला, सुलटा केला, मग आतून काठाखाली करंगळी फिरवली.

“ही कड बघ. हितं अडकतंय. आणि तळाला अक्षरं काढल्यात कंपनीनं, त्यात जाऊन बसलंय. भिंत बी सरळ. ड्राफ्ट कुठं हाय?”

ड्राफ्ट म्हणजे उतार. पॅटर्नच्या उभ्या भिंतीला एक-दोन अंशाचा का होईना, उतार देतात, म्हणजे वर ओढताना तो पहिल्या झटक्यालाच वाळूपासून सुटतो. सरळ भिंत शेवटच्या सुतापर्यंत घासत येते. मामांनी समजावलं ते मात्र इडलीवरून. इडलीची वाटी बशीसारखी उथळ असते म्हणून चमचा फिरला की इडली हातात. तीच इडली सरळ भिंतीच्या पेल्यात करून बघ, चमच्यानं उकरून खावी लागेल.

“आत कसं जातंय ते कुणीबी बघतंय. बाहेर कसं येणार ते आधी बघायचं. उतार देता येत नसंल तर भिंत सुटी कर. तेबी जमत नसंल तर भिंत मऊ कर.”

छिन्नी काही दिली नाही. “डबा कशाला फोडतीस, राहू दे,” म्हणाले. म्हणून तो फळीवर आहे.

सुट्या भिंतीचं डोक्यात घोळत होतं आणि समोर विजेच्या खांबाला एक बोर्ड एका तारेवर लोंबत होता. क्लासेसचे, दुकानांचे, वाढदिवसाचे असे बोर्ड आमच्याकडे पावलोपावली, एका ओळीत कन्नड, एका ओळीत मराठी. ते ज्याच्यावर छापतात ती सनपॅक शीट. पुठ्ठ्यासारखी आतून पोकळ नळ्यांची, पण प्लास्टिकची. आणि ते प्लास्टिक पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे आपला ५ नंबर! सोड्याला दाद न देणारं, पाण्याला न भिजणारं, कटरनं कापता येणारं, आणि मुदत संपली की फुकट. मी खांबावरचा काढला नाही, उगाच भांडण नको. ओळखीच्या छपाईवाल्याकडे चुकीचे छापले गेलेले तुकडे पडून असतात. त्यानं दोन हात लांबीचा एक दिला आणि चहाही पाजला.

किती मोठा साचा करायचा, हा हिशोब इथे देते, कारण माझे पहिले दोन साचे एक अर्धा भरून राहिला आणि दुसरा उतू गेला. साच्याची आतली लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची. येईल त्या आकड्याला ०.६९ नं गुणलं की साधारण तेवढे ग्रॅम तेल बसतं. माझ्या ५०० ग्रॅम तेलाला म्हणून ७२० च्या आसपास घन सेंटीमीटर लागतात. मी २० लांब, ६.५ रुंद, ५.५ उंच असा काढला, तो ७१५ येतो. त्यातून अडीच सेंटीमीटर जाडीच्या आठ वड्या पडतात, हातात मावणाऱ्या.

कापायची रीत पेढ्याच्या खोक्याची. मिठाईचा एक खोका सगळीकडून उघडून सपाट केला, तसाच नकाशा शीटवर काढला. मधे तळ, चार बाजूंना चार भिंती. दुमडायच्या रेघेवर कटर फक्त वरच्या पापुद्र्यावरून फिरवायचा, खालचा पापुद्रा शाबूत राहिला पाहिजे, तोच बिजागरी होतो. नळ्या ज्या दिशेनं जातात त्या दिशेला घडी आपसूक पडते. आडवी घडी घालताना मात्र शीट कुरकुरते. तिथे आतल्या बाजूनं बोटभर रुंद पापुद्रा सोलून टाकला की मुकाट्यानं वळते. चारी भिंती उभ्या केल्या, कोपऱ्यांना बाहेरून तपकिरी चिकटपट्टी लावली आणि सायकलच्या फुटक्या ट्यूबचे बोटभर रुंदीचे काप काढून दोन रिंगा चढवल्या. ट्यूब दुकानदार देतोच, त्याला ती टाकायचीच असते. खर्च शून्य. चिकटपट्टी घरात होती.

तरी पहिल्या खेपेला दोन चुका झाल्या.

एक म्हणजे साबण फार पातळ असताना ओतला. तेल आणि सोड्याचं पाणी घुसळत गेलं की ते हळूहळू धरायला लागतं. वरून थेंब सोडला तर त्याची रेघ क्षणभर पृष्ठभागावर राहते, तिला साबणवाले ट्रेस म्हणतात. रेघ दिसली-न दिसली तोच मी ओतून मोकळी झाले. सकाळी कोपऱ्यातून ओघळ येऊन खालचा पेपर भिजलेला. आता आंबोळीच्या पिठाहून जरा घट्ट, पिठल्याच्या जवळ आलं की ओतते. मग साधी चिकटपट्टीही पुरते.

दुसरी चूक जास्त गमतीची. छापलेली बाजू मी आत ठेवली होती. बाहेरून पांढरं नीटनेटकं दिसावं म्हणून! सोड्यानं शाई सोडवली. दुसऱ्या दिवशी रिंगा काढल्या, चिकटपट्टी ओढली, भिंती फुलाच्या पाकळ्यांसारख्या चारी बाजूंना पडल्या आणि मधे साबणाची लादी अख्खी, काठ धारदार, कुठे एक टवका नाही. पोटावर निळ्या शाईत उलट्या अक्षरांत ‘प्रवेश सुरू’. वाचून नवरा म्हणाला, कुठे प्रवेश, न्हाणीत का?

शाईचा थर सुरीनं तासून टाकला, बाकी लादी कापली. तो साचा अजून चालू आहे. दीड वर्ष झालं, महिन्यातून एक-दोनदा वापरते, दोनदा चिकटपट्टी बदलली. धुवायलाही सोपा, सपाट करून नळाखाली धरायचा. फक्त नळ्यांची तोंडं उघडी असतात, त्यात पाणी जाऊन बसतं, म्हणून उभा करून निथळवते. त्या पोकळ नळ्यांचा एक फायदा मला नंतर कळला. आत हवा असल्यानं साचा उबदार राहतो. ओतून वर फळी ठेवून जुन्या चादरीत गुंडाळला की साबण आपल्याच उष्णतेनं मधोमध तापतो, शिजलेल्या साबुदाण्यासारखा अर्धपारदर्शक होतो, मग तो रंग कडेपर्यंत पसरत जातो. असा तापून निघालेला साबण लवकर कडक होतो आणि साच्यातून सुटतोही चांगला. सोड्याच्या पाण्यात सोडा विरघळल्यावर एक चमचा मीठ घातलं तर आणखी सोपं जातं.

पाइपाचा साचा मामांनीच सुचवला, त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. नळकाम झाल्यावर तीन इंची पीव्हीसी पाइपाचा तुकडा उरला होता. त्यात सरळ ओतला असता तर पुन्हा आइसक्रीमचाच डबा झाला असता, गोल आणि लांब. मामांनी पाइप करवतीनं उभा चिरून दिला, दोन पन्हळी. त्या एकमेकीला लावून रिंगा चढवायच्या, एका तोंडाला झाकण, आत फाइलच्या कव्हरचं प्लास्टिक गुंडाळून. साबण धरला की रिंगा काढा, दोन्ही पन्हळी बाजूला, मधे साबणाचा दंडगोल. चिरलेल्या जागी बारीक शिवण उमटते. “पार्टिंग लाइन हाय ती,” मामा म्हणाले, “दुकानातल्या साबणाला बी असतीया, बघ जा.” घरी येऊन बघितलं. मैसूर सँडलची ती लंबगोल वडी आमच्या घरात सासूबाईंच्या लग्नापासून आहे, कारखाना तर १९१६ चा. इतक्या वर्षांत तिच्या आकाराकडे मी कधी बघितलं नव्हतं. कंबरेपासून दोन्हीकडे उतरत गेलेली, कुठे सरळ भिंत नाही. ठशातून पटकन सुटणारा आकार.

आता हत्ती.

शेजारच्या अक्का धारवाडकडच्या. दिवाळीनंतर गौरी हुण्णिमेला, म्हणजे कार्तिकातल्या पौर्णिमेला, त्यांच्याकडे साखरेच्या आरत्या करतात: हत्ती, घोडा, मोर, गोपूर, पांढरेशुभ्र. त्यासाठी लाकडी साचे असतात, त्याला त्या अच्चु म्हणतात. दोन फळ्या, दोन्हीत अर्धा अर्धा प्राणी कोरलेला. रात्रभर पाण्यात भिजत घालायच्या, म्हणजे साखर चिकटत नाही, मग जोडून दोऱ्यानं बांधायच्या आणि वरच्या भोकातून पाक ओतायचा. त्यांचा हत्ती बघितला आणि माझी वड्यांवरची वासनाच उडाली. झूल, घंटा, सोंडेच्या वळ्या, सगळं लाकडात कोरलेलं.

साबण थेट त्या लाकडात ओतणं शक्य नव्हतं. सोडा लाकडाचे रेषे उठवतो, आणि वस्तू दुसऱ्याची. अक्कांनी देताना दोन्ही हातांनी दिली. “हुषार री! नम्म अत्ती कालद्द ऐति.” म्हणजे जपून हं, त्यांच्या सासूच्या वेळचा आहे तो.

मऊ भिंतीसाठी सिलिकॉन लागणार होतं. साच्याचं म्हणून जे दोन भागांत मिसळायचं सिलिकॉन मिळतं ते महाग, आणि माझ्यासारखीला किलोभर घ्यायचं कारण नव्हतं. पण खिडकीच्या काचेला, बेसिनच्या कडेला जे नळीतून लावतात ते जीपी (जनरल पर्पज) सिलिकॉन कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात असतं. रविवार पेठेत मला दोनशेच्या आत एक नळी मिळाली. उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला पाहिजे, तेच घ्यायचं. रंग मारता येतो असं लिहिलेलं असेल तर ते बहुधा ॲक्रिलिक, त्याचा उपयोग नाही. बुरशीनाशक घातलेलं बाथरूमसाठीचं येतं, तेही मी टाळते.

हे सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यानं बाहेरून आत घट्ट होत जातं, दिवसाला दोन-तीन मिलिमीटर. बोटभर जाडीचा गोळा आत आठवडाभर चिकटच राहील. त्यावर उपाय कॉर्नफ्लोअर. पिठात थोडा ओलावा असतोच, तो मळताना सगळीकडे पोचतो, मग गोळा आतूनही एकदम धरतो. मी अंदाजानं जेवढं सिलिकॉन तेवढंच कॉर्नफ्लोअर घेतलं, हातमोज्यांवर भांड्याचं लिक्विड चोळलं आणि मळलं. आधी चिखल, मग च्युइंगमसारखं, मग एकाएकी पुरणाच्या कणकेसारखं लुसलुशीत. तिथे थांबायचं. वासानं डोळे चुरचुरतात, गच्चीवर करावं. दिवस जुलैचे होते, बाहेर बेळगावचा तो चिवट पाऊस, हवेत ओलच ओल. दहा मिनिटांत गोळा हट्ट करायला लागला. एरवी वीस-पंचवीस मिनिटं मिळतात.

अच्चुच्या एका फळीला व्हॅसलीनचा हात दिला आणि गोळा आत दाबला, सोंडेत, पायांत, घंटेत, अंगठ्यानं कोपरा न् कोपरा. तासाभरानं कडेनं सोडवत ओढला. सुळ्याच्या खाचेत थोडा अडकला, तो टाचणीनं काढायला एक तास गेला आणि सगळा वेळ मी अक्कांच्या सासूबाईंची मनातल्या मनात क्षमा मागत होते. पण निघाला. आणि हातात काय आलं? हत्ती.

पांढरा, रबरी, झुलीसकट सुंदर हत्ती. मला हवा होता साचा, झाला हत्ती!

पोकळीत गोळा दाबल्यावर वर आलेला हत्तीच मिळणार, त्यात साबण कुठे ओतणार, हे एवढं साधं गणित, आणि नळीतला निम्मा माल संपेपर्यंत माझ्या टाळक्यात आलं नाही. तोंड पाडून मामांकडे गेले. ते हसले नाहीत, हत्तीच्या पाठीवरून बोट फिरवत म्हणाले, “वाया कुठं गेलंय? हा तुझा पॅटर्न झाला की. आता ह्याच्यावर साचा घे.”

उरलेल्या निम्म्या नळीचा दुसरा गोळा मळला, यावेळी कॉर्नफ्लोअर जरा हात राखून, कारण पीठ जास्त झालं की साचा ताठ होतो आणि ओढताना चिरतो. हत्ती सपाट पाठीनं फरशीच्या तुकड्यावर दुहेरी चिकटपट्टीनं बसवला. सिलिकॉनला सिलिकॉन हटकून चिकटतं, म्हणून हत्तीला व्हॅसलीन दोनदा, मऊ ब्रशनं, झुलीच्या नक्षीतही. मग छोट्या छोट्या गोळ्या त्याच्या अंगावर दाबत गेले. मोठा गोळा एकदम थापला तर सोंडेखाली हवा कोंडते आणि साबणाच्या हत्तीला तिथे चामखीळ उठते. बोटभर जाड थर झाल्यावर माथा सपाट केला, म्हणजे उलटा ठेवला की साचा डुलणार नाही. एक रात्र ठेवला. सकाळी कड उलटवली आणि सुपातून धान्य पाखडावं तसा हत्ती सुटून आला.

नवा साचा चार दिवस उघड्यावर ठेवला, आंबट वास जाईपर्यंत. मग गरम पाण्यानं आणि भांड्याच्या साबणानं दोनदा धुतला. साबण ओतला. दुसऱ्या दिवशी मोठ्या उत्साहानं काढायला गेले तर सोंड आतच राहिली. सनपॅकमध्ये एका दिवसात सुटणारा साबण सिलिकॉनमध्ये ओला राहतो. एवढासा साबण तापत नाही आणि त्याला हवाही लागत नाही. आता तीन-चार दिवस थांबते आणि काढायच्या आधी दोन तास फ्रीझरमध्ये ठेवते. तरी पाचातल्या एका हत्तीची सोंड जातेच. सोंड मुळात बारीक. साखर कडक म्हणून साखरेत टिकते, साबणात नाही. मामा म्हणतात सोंड जाड करून नवा पॅटर्न कर. करीन.

मामांचा आणखी एक प्रश्न होता, जो मला सुचला नसता. “तुझा साबण आटतो किती?” लोखंड निवताना आकसतं, म्हणून बिडाच्या कामाला पॅटर्न शेकडा एक भाग मोठा करतात. त्यासाठी त्यांच्याकडे वेगळी पट्टी असायची, खोटी पट्टी म्हणायची ती, जिचा फूट खऱ्या फुटापेक्षा जरा मोठा. मी हत्तीचं वजन टिपून ठेवलं. साच्यातून काढला तेव्हा ९४ ग्रॅम, सहा आठवड्यांनी ८४. पाणी उडून गेलं तेवढं. झूल किंचित आत ओढली जाते, पण दिसण्यात खोट येत नाही. सहा आठवडे थांबायचं मात्र चुकवू नये, कोवळा साबण अंगाला बोचतो आणि पाण्यात भराभर विरघळतो. आमच्याकडे जून ते सप्टेंबर मी सात-आठ आठवडे धरते. पावसात सिलिकॉन लवकर धरतं आणि साबण उशिरा वाळतो, असं उलटं आहे. आणि कॉर्नफ्लोअरचा साचा ओला ठेवला तर त्याला काळे ठिपके पडतात. पिठाचाच तो. पुसून, वाळवून, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवते.

पैशाचं खरं सांगायचं तर साध्या चौकोनी वड्यांसाठी हा सिलिकॉनचा खटाटोप करू नये. सहा खणांचा तयार साचा तीन-साडेतीनशेत घरपोच येतो आणि माझ्यापेक्षा गुळगुळीत असतो. घरी करायचा तो दुकानात मिळत नाही त्या आकारासाठी. बाकीच्या सगळ्याला सनपॅक. साबण विकायचा म्हटला तर मात्र साच्यानं भागत नाही, सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांखाली परवाना घ्यावा लागतो. मी विकत नाही, वाटते.

तसाच गौरी हुण्णिमेला अक्कांचा अच्चु परत करायला गेले तेव्हा ताटात साबणाचे दोन हत्ती ठेवून नेले, सोंडा शाबूत असलेले. त्यांच्या घरी आरत्यांची तयारी चालली होती, पाटावर साखरेचे हत्ती रांगेनं वाळत होते. अक्कांनी माझे दोन शेजारी ठेवले आणि “एकाच आईची पोरं की ओ!” म्हणून हसल्या. खोबरेलाचा साबण पांढराशुभ्रच होतो. आम्ही दोघी चहा ओतायला वळलो तेवढ्यात मागून थू थू थू ऐकू आलं. त्यांच्या तीन वर्षांच्या नातवानं बरोबर माझाच हत्ती उचलला होता, आणि तोंडाला फेस. मुरलेला साबण होता, चूळ भरून झालं, काही बिघडलं नाही. पण माझा जीव खाली-वर झाला.

आता हत्तींच्या साबणात पाव चमचा कोळशाची बारीक पूड घालते. करडे होतात. अक्का म्हणतात, हा खरा हत्तीच्या रंगाचा झाला. नातू त्याला हातही लावत नाही.